मुलींच्या गणवेशाचं माप: ढगळ शर्ट, घट्ट पँट आणि दुरुस्ती

कदमताल

गेली सहा वर्षं मी कॅडेट मुलींना कवायत शिकवते. नवी तुकडी आली की गणवेशवाटपाच्या दिवशी दर वर्षी एकच दृश्य असतं. शर्टाचा खांदा दंडावर उतरलेला, पँट नितंबावर ताणलेली आणि कमरेला मूठभर सैल. मुलगी लाजून म्हणते, "मॅडम, चालेल." आपणही पुढचं नाव घेतो.

हा चर्चेचा धागा काढण्याचं कारण मागच्या आठवड्यातलं आहे. संचलनाच्या तपासणीत एका मुलीचा शर्ट पट्ट्यातून बाहेर आलेला दिसला. मी टोकलं. तिने नीट आत खोचला. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा मी तिला सगळ्यांसमोर बोलले, आणि ते मला अजून खुपतंय. संध्याकाळी तिला खोलीत बोलावलं, आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, सावकाश सॅल्यूट कर. हात वर जायला लागला तशी बगलेतली शिवण वर सरकली, तिच्यामागे शर्टाची अख्खी उजवी बाजू वर ओढली गेली आणि पट्ट्यातून चांगला दोन बोटं शर्ट बाहेर आला. हात खाली आला, शर्ट मात्र बाहेरच राहिला. दहा सॅल्यूट केले, दहाही वेळा तेच. तिचा काहीच दोष नव्हता. शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, इतका खोल होता की बाही आणि अंग एकमेकांना घट्ट बांधल्यासारखे झाले होते.

तेव्हापासून मी स्टोअरमधला एकेक कपडा उलटा करून बघते आहे. आमच्याकडे येणारा बहुतेक माल पुरुषांच्या कटाचा, फक्त लहान मापाचा. त्यात खांदा रुंद, मुंढा खोल, छाती आणि कमरेतला फरक कमी आणि बसण्याच्या जागी कापड बेताचं. मुलीने छातीचं माप धरून शर्ट घेतला तर खांदा लोंबतो. खांद्याचं माप धरलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये शर्ट फाकतो, आणि मग ती संचलनभर खांदे पुढे काढून चालते. आपण ओरडतो, "छाती पुढे!" छाती पुढे काढली तर बटण उघडेल या भीतीने ती पोक काढते आहे, हे आपल्याला तिथून दिसत नाही.

आतापर्यंत मला कळलेलं एवढंच: सर्वांत मोठं माप धरून कपडा द्यायचा, बाकीचं आत घ्यायचं आणि कापड कापायचं नाही. कारण गणवेश स्टोअरमध्ये परत जातो, आणि मुली वाढतातही. मला घरच्या मशीनवर सरळ शिवण बऱ्यापैकी येते. पण आत नक्की कुठे घ्यायचं, किती घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे जाणकारांनी सांगावं. खिसे, बिल्ले, नावाची पट्टी यांच्या जागा नियमाने ठरलेल्या असतात, त्या हलवता येत नाहीत.

पानगळ

महत्त्वाचा धागा. मी कॅडेट असताना चार वर्षं शर्टाच्या आतून दोन बटणांच्या मध्ये सेफ्टी पिन लावत होते. सगळ्याच मुली लावायच्या. हा कपड्याचा दोष आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आम्हाला ते स्वतःच्या शरीराचं काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

खडूरेघ

कदमतालताई, तुम्ही सॅल्यूट करायला लावून माप बघितलंत, हे फार बरोबर केलंत. गणवेशाचं माप उभ्या माणसावर घेऊन भागत नाही. मी वीस वर्षं शिवणकाम करतो, त्यातलं बरंचसं गणवेशांचं. सविस्तर लिहितो.

आधी पँट, कारण ती सोपी आहे. पँट नितंबाच्या मापाने घ्या. पुरुषांच्या शिवलेल्या पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत बऱ्याचदा दोन-अडीच सेंटिमीटर माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) सोडलेली असते, आणि कमरपट्टीलाही तिथेच जोड असतो. म्हणजे ती पँट मागून आत-बाहेर करता यावी म्हणूनच तशी बनवलेली असते. पट्ट्याचं मधलं लूप काढा, कमरपट्टीचा जोड उसवा, मागची शिवण आत घ्या आणि खाली आसनापर्यंत (दोन्ही पाय जोडतात तिथपर्यंत) निमुळती नेत जुन्या शिवणीत मिळवा. एकूण चार-पाच सेंटिमीटरपर्यंत हे छान बसतं. त्याच्या पुढे गेलात तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि बाजूच्या शिवणी मागे वळतात. तेवढं जास्त असेल तर उरलेलं मागच्या भागात दोन छोटे टक्स (कापड आतून चिमटून मारलेल्या निमुळत्या टिपा) घालून घ्या. आत गेलेलं कापड कापू नका. सपाट इस्त्री करून दोन टाक्यांनी धरून ठेवा.

आसनाची खोली मात्र आधीच मोजा. मुलीला कडक खुर्चीवर ताठ बसवा आणि कमरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंत बाजूने टेप धरा. पँटचं आसन याहून दीड-दोन सेंटिमीटर जास्त हवं. आसन कमी असेल तर ती पँट परत करा. मायेत कापड असेल तर थोडं सुटतं, पण आसन लांब करणं हे दुरुस्तीचं काम नाही, ती नवी पँटच झाली.

आता शर्ट. बाजूची शिवण आत घेणं हा पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो. पण गणवेशाच्या शर्टाची बाजूची शिवण बहुधा दुहेरी दाबटिपेची असते, आणि तीच टीप पुढे बाहीत गेलेली असते. ती उसवली की बाहीही उसवावी लागते, आणि मग दोन्ही बाजू सारख्या बसवणं कठीण. त्यापेक्षा पाठीत दोन उभे टक्स घाला. माशासारखा आकार: वर पाठीच्या फऱ्याखाली (खांद्यामागच्या हाडाखाली) टोक, कमरेवर सर्वांत रुंद, खाली नितंबाच्या आधी पुन्हा टोक. एका टक्समध्ये तीन सेंटिमीटर गेलं तर दोन्ही मिळून सहा सेंटिमीटर घेर कमी होतो, आणि पुढचे खिसे जागचे हलत नाहीत. टोकाला मशीन उलटी मारू नका. टीप कापडाच्या कडेवरून अलगद बाहेर काढा आणि दोरे हाताने गाठवा, नाहीतर तिथे फुगा दिसतो.

खोल मुंढ्याचं काम अवघड आहे, ते वेगळं लिहितो.

जुना उस्ताद

मी निवृत्त प्रशिक्षक. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. गणवेश या शब्दातच गण आहे. प्रत्येकाने आपापल्या अंगाला बेतून घेतला तर रांग एकसारखी दिसत नाही. शिवाय अनुभव सांगतो: दुरुस्तीची परवानगी दिली की पँटची मोहरी अरुंद होत जाते, शर्ट अंगाला चिकटतो, आणि मग त्या कपड्यात रांगता येत नाही की उकिडवं बसता येत नाही. मुलंही हेच करतात. आमच्या वेळी आम्ही शर्टाचा जादा घेर बगलेखालून मागे दुमडून पट्ट्यात बसवायचो, पाठ सपाट दिसायची. तेवढं पुरत होतं.

कदमताल

उस्तादजी, राग कसला. घट्ट करण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं, आणि त्याला काहीतरी मोजमाप ठरवायला हवं हेही पटतं. पण एकसारखेपणा कुठे बघायचा? समोरून रांग बघताना आपल्याला खांद्याची रेघ, खिशांची रेघ आणि बुटावर पडणारी पँट दिसते. एकीचा खांदा दंडावर आणि दुसरीचा खांद्यावर असेल, तर लेबलवर एकच माप असूनही रांग मोडलेलीच दिसते. आणि मागे दुमडण्याची पद्धत सपाट पाठीवर आणि सरळ कमरेवर टिकते. आमच्या मुलींना मी तीच शिकवते. पाचव्या मिनिटाला घडी सुटते, कारण कमरेखाली नितंब तिला वर ढकलतात.

रानवारा

थोडी जुनी माहिती. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट अकादमीत १९७६ साली पहिल्यांदा मुली दाखल झाल्या, ११९ जणी. १९८० साली त्यातल्या ६२ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी समारंभाचा कोट खास शिवला होता, आणि त्याला मुलांच्या कोटासारखी मागची शेपटं ठेवली नव्हती. परिणाम असा की रांगेत मुली लांबूनही वेगळ्या ओळखू यायच्या. नंतर शेपटं लावली गेली. म्हणजे पुरुषांचाच कपडा दिला तरी अडचण, आणि वेगळाच काढला तरी अडचण. उस्तादजींचा मुद्दा इथे बरोबर आहे: दिसायला एकच हवा, बेतायला वेगळा.

त्याच देशाच्या लष्कराने २०१० नंतर रणवेशाचा वेगळा कट काढला. त्यात खांदे अरुंद केले, कंबर निमुळती केली, नितंबाला जागा वाढवली आणि गुडघ्या-कोपराचे पॅड जिथे गुडघा-कोपर असतात तिथे आणले. छापील नक्षी, खिसे सगळं तेच.

अवांतर: मार्च २०१९ मध्ये दोन महिला अंतराळवीरांचा एकत्र स्पेसवॉक ठरला होता. दोघींना अंतराळपोशाखाचा मध्यम मापाचा वरचा भाग लागत होता आणि अंतराळस्थानकावर तो वापरायला तयार असा एकच होता, म्हणून एकीच्या जागी पुरुष सहकारी गेला. दोन महिलांचा स्पेसवॉक शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ ला झाला. माप ही किरकोळ बाब आहे असं कुणी म्हटलं की मला हेच आठवतं.

कॅडेटची आई

माझी मुलगी चौदा वर्षांची. आत माया ठेवा, कापू नका, हे प्रत्येक पालकाला ओरडून सांगावंसं वाटतं. आम्ही पहिल्या वर्षी पँटची उंची कापून घेतली आणि आठ महिन्यांत ती घोट्यावर आली. आता खाली आठ सेंटिमीटरची दुमड ठेवते आणि हाताने तुरपाई करते, मशीन मारत नाही. उसवली की पांढरी रेघ राहते, हा एक त्रास आहे. त्यावर काही उपाय?

आणखी एक, जरा मोकळेपणाने लिहिते. आसनाची जागा बेताची असली की पाळीच्या दिवसांत पॅड लावून चार तास सावधान-विश्राम करणं मुलीला नको होतं. माझी लेक त्या दिवसांत सरावाला जायचं टाळायची, आणि मला वाटायचं कंटाळा करते. पँट बदलून घेतली, जायला लागली. माप घेताना हा विचार करायला कृपया प्रशिक्षकांनी लाजू नये.

खडूरेघ

काकू, दुमडीच्या रेघेवर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडं पाणी घालून कापड ओलं करा, ते रेघेवर ठेवून वाफेची इस्त्री करा. आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते बघा. घडीची रेघ बरीचशी जाते. पण घासून रंगच उडालेला असेल तर ती रेघ जात नाही. म्हणून दुमडीचा काठ बुटाला घासणार नाही अशी पहिल्यापासून काळजी घ्या.

पाळीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मी पुरुष शिंपी, मला हे कुणी सांगितलं नसतं. आता आसनाला दीडच्या जागी अडीच सेंटिमीटर धरेन.

आता मुंढा. तीन प्रकार आहेत.

खांदा लांब असून थोडासाच लोंबत असेल तर खांद्याची शिवण टोकाकडे एक सेंटिमीटर वर घ्या, गळ्याकडे शून्यावर आणा. मुंढा तेवढाच वर येतो. पण खांद्यावर पट्टी असेल तर ती आधी काढावी लागते आणि पुन्हा अचूक जागी लावावी लागते.

खांदा फारच लोंबत असेल तर बाही पूर्ण काढून आत सरकवावी लागते. हे काम सवयीच्या हाताकडेच द्या.

खांदा बरा आहे पण हात वर केला की शर्ट निघतो, अशा वेळी बगलेत कळी घाला. बगलेत जिथे बाहीची आणि बाजूची शिवण मिळते तिथे चारही बाजूंना चार-चार सेंटिमीटर उसवा आणि त्यात पतंगाच्या आकाराचा तुकडा बसवा. हात खाली असताना तो दिसत नाही. हात वर गेला की कळी उघडते, बाहीला हवी ती लांबी तिथून मिळते आणि ती शर्टाला ओढत नाही. कापड बाद झालेल्या शर्टाचं घ्या, तेवढाच धुतलेला, म्हणजे रंग जुळतो. कळीचा उभा धागा शर्टाच्या उभ्या धाग्याशी जुळवा, नाहीतर धुतल्यावर ती वेगळी आकसते.

आग-प्रतिरोधक कापडाचा गणवेश असेल तर एक गोष्ट फार जपा. साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने तो शिवू नका. कापड तग धरतं, दोरा वितळतो. त्याला अ‍ॅरामिडचा दोरा लागतो. तो मिळत नसेल तर तसा कपडा दुरुस्त करू नका, बदलून घ्या.

नवी_कॅडेट

ताई, मी पहिल्या वर्षाला आहे. रणवेशाच्या पँटला गुडघ्यावर पॅडचा कप्पा आहे तो माझ्या नडगीवर येतो. खालून पँट आखूड करून घेतली आहे. गुडघ्यावर बसायला सांगितलं की मी सरळ जमिनीवरच बसते. हे नीट होईल का? आणि टोपी मागून वर उचलली जाते, कारण केसांचा अंबाडा आहे.

खडूरेघ

बाळा, पँट फक्त खालून आखूड केली की गुडघा तिथेच राहतो, तुझा गुडघा त्याच्या वर असतो. दोन मार्ग आहेत. कप्पा वरून शिवलेला असेल तर उसवून तेवढाच वर सरकवायचा. पण जुन्या टिपेची भोकं दिसतात आणि कापड कमकुवत होतं. दुसरं म्हणजे कमी उंचीची पँट मागणं. लेबल नीट बघ, पुष्कळ रणवेशांना कमरेचं आणि उंचीचं अशी दोन मापं असतात. बहुतेक ठिकाणी देताना फक्त कंबर बघितली जाते. मांडीच्या मध्यावर आडवी चुणी घालून पँट वर उचलायला जाऊ नकोस, धावताना ती मांडीला कापते.

पानगळ

टोपीसाठी: अंबाडा टोपीच्या काठाखाली, मानेच्या वर बांध, टोपीच्या आत नको. केस दाट असतील तर एका मोठ्या गोळ्याऐवजी चपटा, पसरट बांध. टोपी सैल असेल तर आतल्या पट्टीमागे फोमची पातळ पट्टी सरकव, पण फक्त कपाळाकडून आणि बाजूंनी. मागून घातलीस तर अजून वर उचलली जाईल.

जुना उस्ताद

सगळं वाचलं. कळीबद्दल मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मुलामुलींना शर्ट खोचायला सांगत आलो, त्यात किती जणांचा मुंढा खोल होता देव जाणे.

मोजमापाबद्दल माझ्याकडून एक सुचवणं. दुरुस्ती झाली की कॅडेटला चार स्थितींत बघा: सॅल्यूट, दोन्ही हात समोर शस्त्र धरल्यासारखे, पूर्ण उकिडवं आणि एका गुडघ्यावर. या चारांत शर्ट पट्ट्यातून निघता कामा नये, बटणं फाकता कामा नयेत, पँट मागून खाली सरकता कामा नये. आणि सरळ उभं असताना कमरेला शर्ट चिमटीत धरला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड हाती यायला हवं. त्याहून कमी आलं तर घट्ट समजून परत उसवायला लावा. मुलांनाही हाच नियम. म्हणजे कुणाच्या नजरेवर काही अवलंबून राहत नाही.

माप मात्र बाईमाणसानेच घ्यावं, पडद्याआड, आणि आकडा मोठ्याने ओरडून रजिस्टरमध्ये लिहायला सांगू नये. हे मी होताना बघितलं आहे. तेव्हा मी अडवायला हवं होतं.

कदमताल

उस्तादजी, चार स्थितींची तपासणी या रविवारपासून सुरू करते. माप घेताना आता प्रत्येकीला वेगळी चिठ्ठी देणार आहे: छाती, कंबर, नितंब, खांदा, आसन, उंची. स्टोअरमध्ये ती चिठ्ठीच द्यायची, "स्मॉल द्या" असं तोंडी सांगायचं नाही. निम्म्या मुली लाजेने आपल्याहून लहान माप मागतात, हे मला रजिस्टर बघून कळलं.

काल आणि आज मिळून दोन शर्ट केले. पहिल्याला पाठीचे टक्स घातले. वरचं टोक फार वर गेलं, फऱ्यावर टोचल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून पूर्ण उसवून चार सेंटिमीटर खाली आणलं. आता बसलाय. दुसरा त्याच मुलीचा, जिला मी बोलले होते. तिला आधी सांगितलं की चूक माझी होती, शर्ट बघायला हवा होता. ती काही बोलली नाही, फक्त टाचण्यांचा डबा धरून माझ्या शेजारी बसून राहिली. उजव्या बगलेत कळी लावली, कच्चा धावदोरा घालून. तिने सॅल्यूट केला. शर्ट अर्धा बोट हलला आणि हात खाली आल्यावर जागेवर परत गेला. तिने स्वतःहून आणखी सात-आठ वेळा करून बघितलं.

खडूरेघदादा, एक विचारायचं होतं. कळीच्या पुढच्या कोपऱ्यात बारीक चुणी पडते आहे. पक्की टीप मारण्याआधी काय करू?

खडूरेघ

चुणी पडते म्हणजे शर्टाची चीर कळीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेली नाही. एक-दोन धागे अजून उसवायचे राहिले असतील. शेवटच्या टाक्यापर्यंत उसवा, कोपऱ्यामागे आतून पातळ कापडाचा छोटा चौकोन लावा म्हणजे तो फाटणार नाही. मग सुई कापडात खाली ठेवूनच कोपरा वळवा. सुई नव्वद नंबरची घ्या. डावी बाजू करण्याआधी हा शर्ट एकदा धुऊन वाळवा, कळी आकसते का ते बघा, आणि मगच दुसरी कापा.